मनगटाला धरून

आबांनी लहानपणी मला कधी हाताला धरून चालवलं नाही. ते मनगटाला धरायचे. चिंचवड स्टेशनजवळचा रस्ता ओलांडताना बाकीच्या पोरी बापाच्या बोटाला लोंबकळत जायच्या आणि माझी वरात मात्र चोर पकडून न्यावा तशी निघायची. मला त्याचा फार राग यायचा. एकदा मी हात सोडवून घेतला आणि त्यांच्या पंजात माझा पंजा घातला, तर रस्त्याच्या मधोमध तो सुळकन निसटला. आबांचा तळवा ओलाचिंब होता आणि माझाही. एक टेम्पो कचकन ब्रेक मारून थांबला, ड्रायव्हरनं आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पलीकडे पोचल्यावर आबा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आपले हात असलेच हायत, माय. निसटलीस तर मी काय करू?" त्यानंतर मी मनगट निमूटपणे पुढे करू लागले.

आम्ही मूळचे लातूरकडचे. आबा कंपनीत लागले म्हणून आई-आबा इकडे आले आणि स्टेशनपलीकडच्या एका बैठ्या चाळीत दोन खोल्या घेऊन राहिले. माझा जन्म तिथलाच. आमची सगळी गल्ली कंपन्यांत जाणारी होती, त्यामुळे घड्याळ कुणाकडे नसलं तरी अडत नसे. भोंगा झाला की पहिली शिफ्ट, दुसरा झाला की पोरांनी शाळेला पळायचं, तिसऱ्याला बायकांनी चुली पेटवायच्या. पत्र्याचं छप्पर उन्हाळ्यात असं तापायचं की दुपारी आई परात घेऊन दारात बसायची. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आधी दोन-चार हलके थपके, मग परात फिरवल्याची घासट, मग पुन्हा थपके. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, मटकी, आणि आठवड्याच्या बाजारानंतर सुकट. सुकट भाजली की शेजारच्या घरी नाकं मुरडली जायची आणि थोड्या वेळानं त्याच घरातून वाटीही यायची.

आईचे हात कोरडे ठणठणीत होते. मला भाकरी शिकवायला बसली की दोन मिनिटांत तिचा संयम संपायचा, कारण माझ्या हाताखालचं पीठ बघता बघता चिकट व्हायचं आणि भाकरी परातीलाच बिलगून बसायची. "हिच्या पिठात पाणी घालायची गरजच न्हाई, हाताला नळ हाय हिच्या," असं ती शेजारणींना सांगायची आणि हसायची. मीही हसायचे. पण तिनंच आपल्या जुन्या सुती साड्या फाडून, चारी बाजूंनी टीप मारून, आम्हा दोघांसाठी रुमाल केले होते. सकाळी दोन आबांच्या खिशात, दोन माझ्या दप्तरात. संध्याकाळी ते पिळून दोरीवर पडायचे. आमच्या दारातली दोरी बघून नवीन आलेला माणूस विचारायचा, "घरात सगळ्यांना सर्दी झालीय का?" आई म्हणायची, "व्हय, जन्माची."

शाळेत मला काही फार कोणी छळलं नाही, हे खरं सांगायला पाहिजे. पण वहीचं पान हाताखाली फुगायचं, शाई पसरायची, आणि गुरुजी "नीट लिही" म्हणून दुसरं पान फाडायला लावायचे. पेपराच्या दिवशी मी हाताखाली रुमाल, रुमालाखाली पुठ्ठा असा सगळा संसार मांडून बसायचे. सगळ्यात वाईट पंचमीचा दिवस. सगळ्या पोरी मैदानात फुगड्या घालायच्या, आणि एका वर्षी माझ्या हातातून माझी जिवलग मैत्रीण निसटली ती थेट भिंतीवर आपटली. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. ती बिचारी काही बोलली नाही, पण तिच्या आईनं तिला सांगितलं असणार. त्यानंतर माझ्याबरोबर फुगडी कुणी घातली नाही. मी टाळ्या वाजवून गाणी म्हणायचे, आणि माझ्या टाळीचा आवाजसुद्धा ओला यायचा.

उपाय सगळे झाले. तुरटीचं पाणी झालं, कडुलिंबाचा पाला झाला, चुलीतली राख झाली. एक वैद्य म्हणाला उष्णता आहे, दुसरा म्हणाला रक्त पातळ आहे. बाकी सगळ्या जगाचं एकमत होतं की मी भित्री आहे. "घाबरतेस कशाला?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की मला खरंच वाटू लागलं, माझ्या आत कुठेतरी एक भीती बसलेली आहे आणि तिचा मलाच पत्ता नाही. आबांनाही लोक तेच म्हणत. ते कुणाशी हात मिळवत नसत. विहारात पौर्णिमेला माणसं जमायची, एकमेकांचे हात हातात घ्यायची, तेव्हा आबा दोन पावलं मागे उभे राहून हात जोडून "जय भीम" म्हणायचे. लोकांना वाटायचं माणूस फार नम्र आहे.

मागच्याच वर्षीची गोष्ट. माझी भाची, म्हणजे चुलतबहिणीची मुलगी, चाकणच्या एका कंपनीत कामाला आहे आणि तिथं हजेरीचं मशिन तिचा अंगठा घेत नाही. रोज दारात तिच्यामागे रांग खोळंबते. आमचंच रक्त. तिला घेऊन मी पिंपळे गुरवला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेर बाकावर माणसं बसली होती, मी सवयीनं त्यांचे हात बघितले. एका आयटीतल्या मुलाच्या फाइलवर बोटांचे ओले डाग होते. एक बसड्रायव्हर मांडीवर टॉवेल घेऊन बसला होता. लग्न ठरलेली एक मुलगी हात ओढणीत गुंडाळून बसली होती आणि तिची आई उगाचच सगळ्यांना सांगत होती की हिला पुरळ आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा भित्रेपणा नाही, हा आजार आहे, घामाच्या ग्रंथी नको तेवढं काम करतात. पुष्कळ लोकांना असतो, मोठ्या हुद्द्यावरच्यांनाही, पण दाखवायला येतात फार थोडे, आणि येतात तेही निम्मं आयुष्य सोसून झाल्यावर. मग त्यांनी त्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनाही होता." त्या म्हणाल्या, "घराण्यात चालत येतो बऱ्याचदा." औषधं लिहून घेऊन आम्ही बाहेर आलो आणि रिक्षा शोधता शोधता मी भर रस्त्यात रडायला लागले. भाची घाबरली. तिला वाटलं मावशीला चक्कर आली. मला त्या नावानं रडू आलं होतं. आबा गेले तेव्हा त्यांना माहीतच नव्हतं की आपल्याला जे आहे त्याला नाव आहे.

आता कंपनीचं सांगते, कारण आमच्या घरातलं जे काही बदललं ते तिथं बदललं. आबांची कंपनी गेज बनवायची. गेज म्हणजे पोलादी मापं, दुसऱ्या कारखान्यांतले तुकडे बरोबर झालेत की नाही हे ज्यांनी तपासतात ती. आरशासारखी चकचकीत असायची. आबा ग्राइंडरवर होते, म्हणजे पोलाद घासून मापात आणणाऱ्या मशिनवर. त्या मशिनबद्दल ते घरी येऊन असं बोलायचे की आई म्हणायची, "तिलाच आणून ठेवा की घरात, मी जाते माहेरी." पोलादाचा आणि ओल्या हाताचा उभा दावा असतो. घामातल्या मिठानं अशा चकचकीत पोलादावर दुसऱ्या दिवशी तपकिरी ठसा उठतो, अंगठ्याच्या रेघांसकट. हातमोजे घालून ग्राइंडर चालवता येत नाही, मोजा चाकात गेला तर बोटं जातात. मग आबांनी आपली एक रीत बसवली होती. प्रत्येक तुकडा झाला की ते तो घासलेटच्या फडक्यानं पुसायचे, तेलात बुडवायचे आणि मगच हातावेगळा करायचे. मशिनवर पाणी सारखं उडतच असतं, त्यामुळे त्यांचे हात ओले का, हे कुणी विचारलं नाही. कितीतरी वर्षं आबांचा एकही तुकडा गंजला नाही. हे त्यांचं गुपित फक्त आईला आणि मला माहीत होतं. ग्राइंडरवरच रिटायर व्हायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी आयटीआय केलं आणि त्याच कंपनीत इन्स्पेक्शनला ट्रेनी म्हणून लागले. इन्स्पेक्शनची खोली थंडगार, काचेच्या भिंतींची, आणि आत जाताना पांढरा कोट घालायचा. आमच्या गल्लीतली तो कोट घालणारी मी पहिली पोरगी. आईनं सगळ्या चाळीला शिरा वाटला. आबांनी मला बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि घासलेटच्या फडक्याची एक घडी हातात दिली. "तुकडा उचलायच्या आधी बोटं यावर. ठेवल्यावर पुन्हा तुकडा यानं पुसायचा. इसरायचं न्हाई." मी विसरले नाही. पण मापं कोरडीच तपासायची असतात, तेलाचा थर असला तर माप चुकतं, आणि तेल लावायचं काम पुढच्या टेबलावर दुसरीच बाई करायची. माझ्या टेबलावरून तिच्या टेबलापर्यंत तुकडे कधी कधी पुष्कळ वेळ नुसते पडून असायचे, आणि वरचं घासलेट उडून जायचं.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून माल परत आला. खोकं उघडलं तर चकचकीत गेजांवर तपकिरी अंगठे. आमचे फोरमन ज्ञानोबाभाऊ आकुर्डीच्या जुन्या गावातले, शेती कंपन्यांत गेलेल्या घरातले, स्वभावानं मऊ माणूस. त्यांनी एक तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "ह्यो कुनाचा तरी हात हाय गड्या. आता सायेब सोडायचं न्हाईत." साहेब म्हणजे मॅनेजर. साहेबांनी फर्मान काढलं की ग्राइंडिंग आणि इन्स्पेक्शनमधल्या सगळ्यांचे अंगठे घ्यायचे. एक घासून चकचकीत केलेली पोलादी पट्टी आणली, तिच्यावर मार्करनं चौकोन आखले, चौकोनात प्रत्येकाचा टोकन नंबर घातला. अंगठा दाबायचा, पट्टी तशीच ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या चौकोनात गंज उठेल त्याला त्या कामावरून काढायचं.

आदल्या संध्याकाळी आबांनी मला पुन्हा त्याच पायरीवर बसवलं. तुरटी घासली, मग अंगठा घासलेटात बुडवून कोरडा पुसून दाखवला. तेलाचा पातळ थर राहिला की ठसा उठत नाही. आम्ही घरच्या विळ्याच्या पात्यावर करून पाहिलं आणि ते जमलं. आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "चोरी केल्यागत काय करताव दोघं? घाम येतो, दारू न्हाई पीत कुणी." आबा म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." मग त्यांनी पातं स्वच्छ पुसून तिच्या हातात दिलं. त्या दिवशी जेवायला मटकी होती.

दुसऱ्या दिवशी पट्टीसमोर रांग लागली तर शेजारी बादली आणि साबण ठेवलेला. आधी हात धुवायचे, फडक्याला पुसायचे, मग अंगठा. घासलेटाचा सगळा खटाटोप बादलीत गेला. मी मागे वळून आबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, जा पुढे म्हणून. कसं दाबायचं हे दाखवायला साहेबांनी पट्टीच्या कोपऱ्यात स्वतःचा अंगठा आधी दाबला. मग एकेक जण गेला. मी दाबला. माझ्यामागून आबांनी दाबला.

सकाळी ज्ञानोबाभाऊंनी पट्टी टेबलावर ठेवली आणि सगळे तिच्याभोवती जमलो. काही चौकोन स्वच्छ होते. काहींत अंधुक डाग होते, ते सोडून द्यायचं ठरलं. दोन चौकोनांत मात्र अंगठे असे उठले होते की प्रत्येक रेघ वाचता यावी. एक आबांचा, एक माझा. आणि पट्टीच्या कोपऱ्यात आणखी एक होता, आमच्यापेक्षाही गडद. तो साहेबांचा. त्याला चौकोन नव्हता आणि नंबरही नव्हता. सगळ्यांनी तो पाहिला, साहेबांनीही पाहिला, आणि खिशातला रुमाल काढून हात पुसला. त्यांच्या खिशातला तो रुमाल मी ओळखला, म्हणजे तसला रुमाल. कोपऱ्यातल्या त्या अंगठ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

साहेब म्हणाले, "हे दोन नंबर कुणाचे?"

आबा पुढे झाले. "दोन्ही माझेच हायत, सायेब."

"दोन्ही कसे?"

"पोरगी भ्याली हुती. मग तिच्या चौकोनात मीच दाबला. नव्या नोकरीचं भ्या असतं. तिचा हात कोरडा हाय, सायेब. परत आलेला मालही माझ्याच हातचा."

आबा असं काही करतील हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या हातचा एक तुकडा कधी गंजला नव्हता. इतकी वर्षं त्यांनी तो हात लपवून ठेवला आणि माझ्यासाठी सगळ्या सेक्शनसमोर उघडा केला. ज्ञानोबाभाऊंनी रांग स्वतः पाहिली होती. ते खाली बघत राहिले. एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही साहेब. तो माझा आहे. मीच दाबलाय." मी तळवा वर करून दाखवला. तो ओला होताच, त्या वेळी तर जास्तच.

साहेबांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं ते काहीतरी वेगळं बोलतील. त्या खोलीत आमचे हात कुणाला कळले असतील तर त्यांनाच. पण त्यांनी रुमाल खिशात घातला आणि म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." माझं ट्रेनिंग त्याच दिवशी संपलं. आबांना पॅकिंगच्या यार्डात टाकलं, लाकडी खोक्यांना खिळे मारायला. तिथं हात ओला असला तरी कुणाचं बिघडत नव्हतं. ज्ञानोबाभाऊ गेटपर्यंत आमच्याबरोबर आले आणि म्हणाले, "लेकराचं खरं बोलनं आनि तुमचं खोटं, दोन्ही मला पटलं बगा. पर माज्या हातात काय न्हाई."

घरी येताना आबा सायकल हातात धरून चालत होते. स्टेशनपाशी आल्यावर म्हणाले, "बोलायचं नव्हतंस, माय. एक तरी राहिलं असतं." मी म्हटलं, "मग तुमचं मशिन?" ते म्हणाले, "माझं काय, माझं झालंच हुतं की." पण ते झालं नव्हतं. मला तेव्हाही कळत होतं आणि आज तर नक्कीच कळतं. पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच बोलेन, आणि तरीही त्या वाटेवरचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आबा बरीच वर्षं यार्डात खिळे मारत राहिले. उन्हात शर्ट पाठीला चिकटायचा, त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उठायचे, आणि आई ते घासून घासून धुवायची. ग्राइंडरचं नाव त्यांनी घरात पुन्हा काढलं नाही. आई एकदा चेष्टेनं म्हणाली, "सवत गेली वाटतं माझी," आणि म्हटल्यावर शर्ट घेऊन नळावर गेली. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात टेलिफोनवर बसायला लागले. रिसीव्हरला रुमाल गुंडाळून नोकरी केली. लोकांना वाटायचं बाई स्वच्छतेची भोक्ती आहे. लग्नात वरानं हात हातात घ्यायच्या आधीच मी त्याला सांगून ठेवलं होतं. तो भला माणूस म्हणाला, "मला कुठं पोलाद व्हायचंय?" आबांना मी ते सांगितलं, तर ते किती दिवसांनी हसले.

शेवटच्या दिवसांत आबा दवाखान्यात होते. मी खाटेशी बसायचे, आणि इतक्या वर्षांची सवय, त्यांचं मनगटच धरून बसायचे. नाडी बघायला आलेल्या नर्सला वाटायचं, मीही नाडीच बघते आहे. एका दुपारी ते गेले. आई उशाशी बसली होती, तिनं त्यांचे डोळे मिटले. नातेवाइकांना कळवायला माणसं बाहेर गेली. तेव्हा मी मनगट सोडलं आणि त्यांचा पंजा माझ्या पंजात घेतला. रस्त्यात निसटला होता त्यानंतर पहिल्यांदाच. तळवा कोरडा होता. मी तो उलटा करून पाहिला, बोटं पाहिली, अंगठा पाहिला, सगळा कोरडा. आई म्हणाली, "धर नीट. आता न्हाई निसटायचा." मी दोन्ही हातांनी धरून बसले. थोड्या वेळानं तो ओला झाला, माझ्या हातांनी.